पडद्यापुढची लेकरं

जुन्या फोटोंना वाळवी लागते, किस्स्यांना लागत नाही. उलट ते दर खेपेला थोडे वाढतात! आमचा फोटो स्टुडिओ बंद होऊन जमाना झाला, तरी चार माणसं चहाला बसली की कोणीतरी म्हणतंच, "काकू, तुमच्या स्टुडिओतलं सांगा न काही."

पन्नास-साठच्या दशकातल्या गोष्टी. स्टुडिओ आधी अमरावतीला होता, मग आम्ही अकोल्याला आलो. फोटो काढायचे आमचे हे. गाव त्यांना 'फोटोबाबू' म्हणायचं. माझ्याकडे बायका आणि लेकरं. परक्या पुरुषाच्या बंद खोलीत बाया एकट्या यायला धजायच्या नाहीत, म्हणून मी. लेकरांचे केस विंचरायचे, स्टुडिओचा मखमली कोट चढवायचा, रंगवलेल्या पडद्यापुढे उभं करायचं. घरी अंगात फाटकी बंडी असो, फोटोत सगळे राजपुत्र!

लोकांना वाटतं, स्टुडिओत काय, हसायचं आणि निघायचं. मी तिथे जितकी भेदरलेली माणसं पाहिली, तितकी दवाखान्यातसुद्धा पाहिली नाहीत.

*

अमरावतीचा पहिलावहिला उन्हाळा. एक बाई चार वर्षांच्या पोरीला घेऊन आली. मी पोरीला खुर्चीवर बसवलं. हे कॅमेऱ्यामागे गेले आणि त्यांनी डोक्यावरून काळं कापड ओढून घेतलं.

पोरीनं जी किंकाळी फोडली! "माय वं! फोटोबाबूचं मुंडकं गेलं!"

खुर्चीवरून उडी मारून ती थेट रस्त्यावर. तिच्यामागे तिची आई, आईमागे मी. बाहेर बघता बघता ही गर्दी. त्यातला एक आडदांड माणूस काठी सरसावून दारात आला आणि ओरडला, "कोनाचं मुंडकं गेलं? कोनं नेलं?"

गलका ऐकून हे बाहेर आले. घाईत डोक्यावरचं काळं कापड काढायचं राहून गेलं होतं!

सगळ्यांत आधी पळाला तो काठीवाला.

*

मूर्तिजापूरकडची एक म्हातारी नातवाला घेऊन आली होती. पोरगं गोड होतं. यांनी त्याचा छातीपर्यंतचा फोटो काढला, तेव्हा तशीच फॅशन होती. म्हातारीनं फोटो हातात घेतला, उलटा केला, पुन्हा सुलटा केला.

"याचे पाय कुठी गेले?"

"आजी, फोटोत एवढंच येते. पाय खाली आहेत, दिसत नाहीत."

"जे दिसत नाही ते असते काय?" असं म्हणून ती गेली. आम्ही मागून हसलो.

पावसाळा संपता संपता ती पुन्हा आली. पोरगं कडेवर. त्याला मोठा ताप येऊन गेला होता आणि तापानं एक पाय लुळा पडला होता. तेव्हा त्या दुखण्याची गावोगाव दहशत होती. कोणाच्या घरात शिरेल, नेम नव्हता. मला वाटलं, ही आता आम्हाला शिव्याशाप देणार.

ती एवढंच म्हणाली, "बाबू, आता पायासकट काढा."

यांनी कॅमेरा मागे सरकवला. मी पोराला खुर्चीला धरून उभं केलं आणि खुर्चीमागे बसून त्याची कंबर धरून ठेवली. फोटो तयार झाल्यावर म्हातारीनं त्यावर बोट ठेवून पाहिलं. एक पाय. दुसरा पाय.

"हायेत," ती पोराला म्हणाली. "दोनी हायेत. चाल आता!"

पोरगं पुढे चाललं म्हणतात, थोडं लंगडत. पण त्या दिवसानंतर यांनी कुठल्याच लेकराचा अर्धा फोटो काढला नाही.

*

आमच्या मोठ्या पडद्यावर तळं होतं, तळ्याकाठी देऊळ होतं. त्यावरून झालेला किस्सा.

नांदगाव खंडेश्वरहून एक शाळामास्तर सहकुटुंब आले. घरानं नुकताच बुद्धधम्म घेतला होता. मास्तर, त्यांची बायको, म्हातारी आई आणि आठेक वर्षांची मुलगी. चौघांनी पांढरेशुभ्र कपडे घातले होते. मास्तर पडद्याकडे पाहत म्हणाले, "फोटोबाबू, देवळापुढं नाही बसायचं आमाले. ते सोडून आलो आमी."

दुसरा पडदा फाटलेला होता. यांनी डोकं लढवलं आणि देवळाचाच पडदा उलटा टांगला. मागे कोरं कापड!

म्हातारी मात्र बसेना. माझ्याजवळ येऊन कानात म्हणाली, "बाई, देऊळ मांगं हायेच ना अजून? देवी पाहूनच राहिली असन. सोडलं तिले, आता या पोरीले काही केलं तिनं त?"

मुलगी म्हणाली, "आजी, रंग हाये तो. बस."

बसली. चौघं बसली. हे म्हणाले, "हलू नका!" आणि फ्लॅशचा बल्ब फाटकन फुटला! काचा उडाल्या. म्हातारी ओरडली, "कोपली वं माय, कोपली!" मास्तर खुर्चीतून अर्धे उठले. खोटं कशाला सांगू, मीही दाराकडे पाहिलं.

पण खटका दाबला गेला होता. फोटो आला, त्यात तीन मोठी माणसं डोळे मिटून, खांदे आक्रसून बसलेली. मुलगी तेवढी सरळ समोर पाहत होती. हे ओशाळून म्हणाले, "दुसरा काढून देतो, मास्तर."

मास्तरांनी फोटो हातात घेतला. "नाही, हाच द्या. आमी किती भेत होतो अन् पोरगी नव्हती भेत, हे घरात लागलं पाह्यजे."

म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ नेला. मग हळूच मला म्हणाली, "बरं झालं माहे डोये मिटले. तिले मी दिसली नसन!"

*

तीन मैत्रिणी आल्या. एकीचं लग्न ठरलं होतं, त्याआधी आठवणीचा फोटो हवा. पण बाक ठेवला तर मध्ये कोणी बसेना! तिघांचा फोटो काढला की मधला मरतो, असा तेव्हा पक्का समज.

"तू बस."

"मी काहून? तू बस!"

"माहं तर लग्न आहे वं!"

शेवटी तिघींनी माझ्याकडे पाहिलं. "काकू, तुमी या न. चौघी झालो की मधली कोणी राहत नाही."

गेले मी. पुढचे कितीतरी दिवस साधी शिंक आली तरी छातीत धस्स व्हायचं! पुढे त्यांतल्या एकीची नात भेटली. म्हणाली, "आमच्या घरी फोटो आहे, त्यात तुमच्यासारखीच एक बाई आहे. आजी म्हणते, ती कोण होती कोणास ठाऊक!"

*

आता हा शेवटचा. हा मी सहसा सांगत नाही.

अकोल्याच्या दुकानात रस्त्याच्या बाजूला काचेचं शोकेस होतं. त्यात एका पाच वर्षांच्या मुलाचा फोटो लावला होता. बाप कापसाच्या जिनिंगमध्ये कारकून, बाहेरगावाहून नवीनच आलेलं जोडपं. मुलगा मखमली कोटात, मान किंचित वळवून, असा हसरा की जाणारा-येणारा थांबायचा.

एक बाई रोज थांबू लागली. बार्शीटाकळीची होती, कामासाठी अकोल्याला यायची. एके दिवशी आत आली.

"बाबू, हा माहा लेक हाये. जत्रेत हारपला."

यांनी समजावलं, "बाई, त्याचे आईबाप आहेत. आमच्या ओळखीचे आहेत."

"माह्या लेकाच्या डाव्या कानामांगं डाग हाये. चिचोक्याएवढा. जरा याचं तोंड तिकडं फिरवा न."

"फोटोतलं तोंड कसं फिरवू, बाई?"

ती काचेला हात लावून उभी राहिली. रडली नाही. मलाच रडू आलं. पोलिसांत तिनं केव्हाच सांगितलं होतं, देवापुढे डोकं आपटून झालं होतं. आम्ही दोघं त्या रात्री जेवलो नाही. कोणाचं घर मोडायचं, हेच कळेना. शेवटी ठरवलं. कारकुनाला निरोप धाडला, 'मुलाचा आणखी एक फोटो काढायचा आहे, घेऊन या.' आणि त्या दुपारी बाईला पडद्यामागे बसवलं. पडद्याला एक भोक होतं.

मुलगा आईबरोबर आला. मी त्याला आडवं बसवलं, डावा कान पडद्याकडे. फणी घेतली. केस मागे सारले.

डाग होता. चिचोक्याएवढा.

माझ्या हातातून फणी पडली. त्याच्या आईनं आधी फणीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. तिचा चेहरा असा उतरला की जणू कोणी रक्त काढून घेतलं.

"तीट हाये," ती म्हणाली. "मीच लावली."

तिनं पदर तोंडात ओला केला आणि मुलाच्या कानामागे घासू लागली. घासतच राहिली. कान लालबुंद झाला, डाग होता तिथेच. मुलगा रडायला लागला. "आई, दुखते! आई!" असं म्हणत म्हणत तिच्याच गळ्यात पडला. तिनं त्याला छातीशी असं आवळलं की मला वाटलं, श्वास कोंडेल पोराचा.

फोटो निघाला नाही. ती मुलाला उचलून घेऊन गेली.

मी पडदा बाजूला केला. बाई तशीच बसली होती, दोन्ही हात मांडीत.

"बाई, पाहिलं?"

"पाह्यलं."

"डाग होता. डाव्याच कानामागे."

ती उठली. पदर नीट केला. दारापर्यंत गेली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली,

"माह्या लेकाले उजव्या कानामांगं होता."