पुढची सीट

माझी आत्या बसमध्ये कंडक्टर आहे. शाळेच्या मुलांना प्रवास फुकट झाला, तेव्हा पुढच्या सीट त्यांच्यासाठी राखीव झाल्या. मोठी माणसं तिथे बसली तरी आत्या सहसा काणाडोळा करते. फक्त एका म्हाताऱ्याला, एका निवृत्त कंडक्टरला, ती हटकून उठवते.

काल मीही त्या बसमध्ये होते. मुलं चढली आणि आत्या त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली.

"उठा काका, मुलांना बसू द्या."

"काय गं, रोज माझ्याच मागे का लागतेस? गुडघे धरलेत माझे."

"सातवीत होते मी. तिकिटाला पैसे कमी पडले म्हणून तुम्ही मला पुलावर उतरवलंत. चालत पोचले, तोवर वार्षिक परीक्षेचा पेपर संपला होता. वर्ष गेलं माझं."

म्हाताऱ्याला काही आठवत नव्हतं.

"अगं, तेव्हा नियमच होता तसा. माझी नोकरी गेली असती."

"आता माझी जाईल. उठा."

तो दांडा धरून कसाबसा उठला. त्याच्या जागी एक चिमुरडी दप्तरासकट बसली. त्याने तोल सावरायच्या आत आत्याने घंटी ओढली.