बुर्ज खलिफाच्या लिफ्टपर्यंत दोघं

बोईसरहून निघालो तेव्हाच माझे गुडघे दुखत होते, हे आधी सांगून ठेवते. मुलाचं घर तिथं, चौथ्या मजल्यावर. लिफ्ट असून आमचे हे जिन्याने उतरले आणि मलाही उतरवलं. "लिफ्ट म्हाताऱ्यांना," म्हणाले. स्वतः सत्तरीला टेकलेत!

दुबईची हौस ह्यांचीच. मुलगा तारापूरला कारखान्यात आहे, त्यानं सहलीचं बुकिंग करून दिलं. मला माहेरी चार दिवस झोपायला मिळालं असतं तरी पुष्कळ होतं. पण ह्यांनी आमच्या गावात, एडवणभर सांगून ठेवलं, जगातल्या सगळ्यात उंच बिल्डिंगवर जाऊन येतो म्हणून. नारळावर ह्यांच्यासारखं चढणारं आमच्या आळीत कुणी नाही, अजून स्वतः नारळ पाडतात. शेजारचे जनूभाऊ म्हणाले, "जा, पण वर जाऊनच ये. खालून फोटो काढून आलास तर आळीत तोंड दाखवू नको." सगळे हसले. हेही हसले, पण जरा उशिरा.

विमानतळाबाहेर पाऊल टाकलं आणि चुलीत तोंड घातल्यासारखं झालं. हॉटेलात खोली तिसऱ्या मजल्यावर. हे पुन्हा जिन्याने, "जेवण जिरतं" म्हणून. जेवायला खुबूस (तिकडची मऊ, फुगीर रोटी) आणि पातळ डाळ. दोन घास गिळले आणि मी पिशवीतून सुक्या जवळ्याची चटणी काढली. तेव्हा कुठं जेवल्यासारखं वाटलं. वासानं शेजारच्या टेबलावरचं जोडपं उठून गेलं. जाईना का.

दुसऱ्या दिवशी बसच्या खिडकीतून बुर्ज दिसला. शेंडा पाहायला गाल खिडकीला टेकवावा लागला. आत शिरायचं म्हणजे आधी एक भलामोठा मॉल तुडवायचा, मग रांग, मग तपासणी, मग पुन्हा रांग. "अंकल, आंटी, जल्दी चलिए," आमचा गाईड सारखा म्हणत होता. जल्दी! माझे पाय सुजून चपलेत मावत नव्हते.

शेवटी लिफ्टचं दार उघडलं आणि हे जागच्या जागी थांबले. गारव्यानं माझे दात वाजत होते आणि ह्यांच्या कपाळावर घाम.

"चला ना," मी म्हटलं.

"तू जा. मला नाय जमणार."

"अहो, नारळावर चढता तुम्ही!"

"नारळाला दार नसतं. असल्या बिनखिडकीच्या डब्याचं दार बंद झालं की माझा जीव गुदमरतो. पहिल्यापासून हाय."

उभ्या संसारात मला हे ठाऊक नव्हतं. ते सगळे जिने का, ते एकदम लक्षात आलं. राग आला, आणि खरं सांगते, कीवही आली. मागचे लोक ढकलत होते. ह्यांनी मोबाईल माझ्या हातात कोंबला. "सगळे फोटो काढ. जनू विचारल." घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं! मी एकटीच आत गेले.

कानांत दडे बसले आणि वर पोचले. वर काय? धुरळा. त्यातून बारीक रस्ते, बारीक गाड्या आणि लांब समुद्राची पट्टी. शेजारी हैदराबादची एक मुलगी होती. "आंटी, अकेली?"

"घरवाला नीचे है. लिफ्ट से डरता है."

ती हसली नाही. "मेरे पापा भी," म्हणाली आणि माझा फोटो काढून दिला.

मग मी काचेला हात टेकून नुसती उभी राहिले. तिथं कुणी मला हाक मारत नव्हतं, कुणाला काही हवं नव्हतं. पाय ठणकत होते, तरी खाली यावंसं वाटेना.

खाली हे बाकावर बसले होते. चेहरा एवढासा झालेला. मीच म्हटलं, "दोघं गेलो असं सांगू. कोण बघायला आलंय?"  परतीच्या विमानात ह्यांनी माझ्याकडून सगळं घोकून घेतलं. समुद्र कुठल्या हाताला, कान दुखतात का, काच केवढी. मी डोळा मिटला की कोपर मारायचे, "लिफ्टमधी दिवे व्हते ना?"

मनोर, पालघर, केळवे करत घरी पोचलो. बॅगा उतरतात न उतरतात तोच जनूभाऊ आणि निम्मी आळी ओटीवर हजर.

"काय रे, चढलास का नाय?"

मी घाईनं तोंड उघडलं, "हो, दोघंही..."

"मी नाय गेलो," हे म्हणाले. "लिफ्टच्या दारात हातपाय गळाले माझे. ही गेली. एकटी."

आता हसणार सगळे, म्हणून मी मान खाली घातली. जनूभाऊ मात्र ह्यांच्याकडे पाहतच राहिले. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "मंग वयनी, तुमी सांगा."

ह्या ओटीवर मी नेहमी चहा ठेवून आत जाणारी. हे झोपाळ्यावरून उठले, मला तिथं बसवलं आणि खाली लादीवर मांडी घालून बसले. मी इतकी दमले होते की बसल्या जागी झोप लागली असती.

"सांग," हे म्हणाले. "पहिल्यापासून सांग." त्यांना तर सगळं पाठ होतं.