अडचण, त्रास, हाल

रविवार, सप्टेंबरमधला शेवटचा. सकाळी अकरा. जागा : जबलपूरच्या मराठी मंडळाच्या सभागृहामागची खोली, मराठीचा वर्ग.

हजर : रांझी भागातले, कारखान्यातून निवृत्त झालेले काका, पुण्याला नोकरीसाठी निघालेली एक मुलगी, कांचघर भागातल्या एका मराठी घरची सून, आणि शिकवणारी मी. गैरहजर : गणपतीच्या मांडवात माईक हातात घेऊन "मराठी टिकली पाहिजे" म्हणाले होते ते सगळे.

काकांना मराठी उत्तम बोलता येते, पण शाळा हिंदीतली, म्हणून लिहायला बसले की हिंदी उतरते. मुलीला समजते, बोलता येत नाही. सुनेचे माहेर सागरचे, हिंदी बोलणारे. तिला यातले काहीच येत नव्हते आणि वर्गात सगळ्यांत आधी तीच येऊन बसायची.

त्या दिवशीचा पाठ तिनेच मागितला होता. उन्हाळ्यात तिच्या सासूबाईंना पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग गेले आणि हिंदीही गेली. लग्न होऊन जबलपुरात आल्यावर शिकलेली भाषा पुसली गेली आणि अमरावतीकडची माहेरची मराठी तेवढी उरली. नवरा दिवसभर कामावर. घरात या दोघीच.

"मम्मीजी बोलती रहती हैं, दीदी. मैं पानी देती हूँ तो मुँह फेर लेती हैं. पंखा चलाती हूँ तो रोती हैं. आप वो तकलीफ वाले सारे शब्द पहले करा दीजिए. फल-फूल बाद में."

मी फळे-फुले पुसली आणि फळ्यावर 'अडचण' लिहिले.

अडचण हा सगळ्यांत सभ्य शब्द. ती येते, असते आणि मुख्य म्हणजे सांगता येते. आपल्या लोकांना नाही म्हणायचे असले की ते अडचण सांगतात. गैरसोय त्याहून हलकी. पाहुण्यांची होते, घरच्यांची झालेली कोणी मोजत नाही. अडथळा वाटेत असतो, तो उचलून बाजूला ठेवता येतो. खोळंबा वेळेचा. पंचाईत झाली तर पुढे कधीतरी ती हसून सांगता येते. संकट बाहेरून येते आणि त्यासाठी शेजारी धावून येतात.

"आणि कटकट?" काकांनी विचारले. "आमच्या घरी तोच एक चालते. मी काही बोललो की बायको म्हणते, काहून कटकट करून राहिले? समानार्थी शब्द म्हणून माझंच नाव लिहा फळ्यावर."

मुलगी हसली. सून हसली नाही. ती लिहून घेत होती.

मग मी त्रासावर आले. त्रास अंगाला होतो, मनालाही होतो. तो होतो तसा दिलाही जातो. वाक्यात देणारा असतो. हाल मात्र नुसते होतात. "आजींचे हाल झाले" म्हटले की कोणी केले हे सांगावे लागत नाही. फार सोयीचा शब्द आहे. नातेवाइकांत खूप चालतो.

शेवटी तिच्या कामाचे घेतले : दुखतंय, ठणकतंय, अवघडलंय, गुदमरतंय, आग होतेय. प्रत्येकापुढे हिंदी अर्थ लिहिला. आता काय करायचे, हेही लिहिले. अवघडलंय म्हटले की कूस बदलायची. गुदमरतंय म्हटले की खिडकी उघडायची, उशी उंच करायची, तरी थांबले नाही तर डॉक्टर. तिने सगळे दोनदा म्हणून दाखवले.

"पण आजी अशा पुस्तकी बोलणार नाहीत," काका म्हणाले. "वऱ्हाडातल्या हायेत त्या. एकदा जाऊन ऐकून या, मॅडम."

बरोबर होते. त्याच दुपारी मी तिच्याबरोबर कांचघरला गेले.

दार तिच्या नवऱ्याने, आजींच्या मुलाने उघडले. सुट्टीचा दिवस, बनियनवर, हातात मोबाइल, टीव्हीवर मॅच. चांगल्या नोकरीतला, पंचेचाळिशीचा माणूस. मला ओळखून त्याने खुर्ची पुढे केली.

"आइए दीदी. बड़ा अच्छा काम कर रही हैं आप. मुझे तो मराठी आती नहीं. हम लोगों की रह ही गई."

"आत जाऊन काही शिकून घेऊ म्हटलं," मी मराठीतच म्हणाले. "आई कशा बोलतात ते."

"हाँ हाँ, देखिए ना."

आतल्या खोलीतून आवाज आला. बारीक, पण स्पष्ट. "त्याले सांग वं माय. पाठ जळून राहिली माही. कूस बदलून दे."

त्याने मोबाइलमधून मान वर केली नाही. बायकोला म्हणाला, "पीठ का बोल रही हैं. करवट माँग रही हैं. रोज़ का है."

सून दारातच थांबली. हातातली वही तिने टीव्हीच्या टेबलावर ठेवली.

"आपको समझ में आता था?"

"समझने में क्या है? बोलना नहीं आता."

"बोलने को किसने कहा था? मुझे बता देते."

टीव्हीवर कोणीतरी चौकार मारला, त्याचा आवाज खोलीभर राहिला. मग तो म्हणाला, "अरे, बुज़ुर्ग हैं, कुछ न कुछ बोलती रहती हैं." आणि माझ्याकडे बघून, जणू मी त्याच्या बाजूची : "है ना, दीदी?"

आम्ही दोघी आत गेलो आणि आजींना कुशीवर वळवले. कमरेच्या वर कातडी सोलवटून निघाली होती, चादर तिथे चिकटली होती. सुनेने ती पाण्याने भिजवून हळूहळू सोडवली. आजी कण्हल्या, आणि पाठीला हवा लागली तशा गप्प झाल्या. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "तू कोन वं? मराठी बोलतं का तू?"

"बोलते, आजी."

"मंग इतके दिवस कुठी होती?"

डॉक्टर दुसऱ्या दिवशी आले. म्हणाले, जखम भरेल, वेळ लागेल. दर दोन तासांनी कूस बदलायची, दिवसा आणि रात्री. एकट्या बाईचे हे काम नाही. मी कागद घेतला आणि पाळ्या आखल्या. मंडळाच्या ग्रुपवर लिहिले की आपल्यातल्या एका आजींजवळ दुपारी दोन तास बसायला, मराठीत चार शब्द बोलायला माणसे हवीत. जोडलेले हात आले, फुले आली, "ईश्वर शक्ती देवो" आले. सचिवांनी फोन करून मला ताई म्हटले आणि सगळ्यांना कशा आपापल्या अडचणी आहेत ते समजावून सांगितले. दिवाळी पहाटेच्या तालमी सुरू होत्या.

पाळ्या तरीही लागल्या. मंगळवार आणि शनिवार मी. गुरुवारी काकांची बायको रांझीहून बसने येते. आजींना तिचे बोलणे सगळ्यांत जवळचे वाटते, दोघी मिळून घरातल्या पुरुषांची यथेच्छ निंदा करतात. पुण्याला जाईपर्यंत ती मुलगी बुधवारी बसली. आजींशी बोलताना तिची मराठी सुटली, हे मंडळाला कळवायची मला गरज वाटली नाही. उरलेल्या पाळ्या आणि सगळ्या रात्री सुनेच्या. ती आता वर्गाला येत नाही. तिला घर सोडता येत नाही. वऱ्हाडी तिला आता माझ्यापेक्षा चांगली कळते.

रविवारची दुपार मी मुलासाठी ठेवली. त्याला सुट्टी असते, तो घरात असतो, आईचे बोलणे त्याला कळते. सुनेला तसे सांगितले तेव्हा ती औषध मोजत होती.

"उनका नाम लिख दीजिए. पर उन्हें बताइए आप ही. मैं उनसे इस बारे में नहीं बोलूँगी, हिंदी में भी नहीं."

फोन केला तेव्हा त्याने मी बोलायच्या आतच सांगितले, "दीदी, अभी ज़रा दिक्कत चल रही है, बाद में बात करते हैं." त्यानंतर दोन रविवारी मुद्दाम त्यांच्या घरी गेले; दोन्ही वेळा तो नुकताच बाहेर पडला होता. रविवारी दुपारीही सध्या सूनच आजींची कूस बदलते. त्याला गाठून, समोर बसवून सांगायचे आहे. ते अजून झालेले नाही.