तिच्या भेद्र्यांवरचा रोग

बायको जाऊन सहा महिने झाले, तेव्हा तिच्या भेद्र्यांवर रोग पडला. साहेब लोक ज्याले टमाटा म्हणतात तेच आमचं भेद्रं. अमरावतीच्या छावणीतल्या एका म्हाताऱ्या माळ्यानं तिले एक पिकलेलं फळ दिलं होतं. तिनं त्याचं बी राखेत घोळलं, चिंधीत बांधलं आणि गाडग्यात ठेवलं. तेव्हापासून दरसाल परसात पाच-सहा झाडं असायची.

ते दिवस कापसाचे होते. अमेरिकेत कुठं लढाई पेटली, इकडं कापसाचा भाव चढला आणि आमची डोकी फिरली. जो तो कापसाची पऱ्हाटी लावून राहिला होता. मी परसातही लावाले निघालो, तर ती आडवी उभी राहिली.

"आंगणातबी लावा, चुलीवरबी लावा. मंग खासान काय, सरकी?"

परस तिचंच राहिलं. त्यात मले तशी शिरू देत नसे. माझा हात सदा तंबाखू-चुन्यात. "हात धुऊन या अगुदर," म्हणायची. मी राखेनं हात घासायचो, ती हात नाकापाशी नेऊन हुंगायची, मग एक भेद्रं तोडू द्यायची.

"मी काय ढोर हावो काय वं, हुंगून पाहाले?"

"ढोर बरं. ढोर तंबाखू खात नाही."

तिले वास आवडत नाही, एवढंच मले वाटे.

उन्हाळ्यात ती माहेरी अकोल्याले गेली आणि तिथंच तापात गेली. माझी गाडी पोचेपर्यंत सारं आटोपलं होतं.

पोळा झाल्यावर मी ते गाडगं उघडलं. चिंधीत होतं तेवढं सगळं बी टाकलं, एक दाणा मागं ठेवला नाही. एवढा येडा मी. सात रोपं जगली. ही सात गेली की तिचं बी संपलं, हे मले तेव्हाच कळायले पायजे होतं.

सकाळी उठलं की तंबाखू मळायची, तोंडात टाकायची आणि परसात जायचं. घरात बोलायले कोणी नव्हतं, झाडांवरच हात चालायचे. झाडं उंच गेली तसे मी शेंडे खुडले. पऱ्हाटी माजली की शेंडा खुडायचा, म्हणजे फांद्या फुटतात, हे मले बापानं शिकवलेलं. एका झाडाचा नखानं खुडला की दुसऱ्याचा, मग तिसऱ्याचा.

दिवाळीच्या आत पानं बिघडली. हिरव्यात पिवळी ठिगळं, जुन्या गोधडीवाणी. नवी पानं तर दोरीसारखी बारीक निघू लागली. फुलं गळाली. पान उलटून पाहिलं, मावा नव्हता. एक झाड उपटून पाहिलं, मुळं पांढरी, किडा नाही. मर म्हणावी तर झाड सुकत नव्हतं. पाणी जास्त झालं असेल म्हणून पाणी तोडलं, तरी फरक नाही. शेजारीण म्हणाली दृष्ट लागली, आणि काळी चिंधी बांधून गेली. राहिलेली सहाही झाडं तशीच झाली.

शेवटी एक फांदी घेऊन छावणीत त्या माळ्याकडे गेलो. त्यानं फांदी पाहिली, मग माझा हात पाहिला.

"तंबाखू खाता?"

"त्याचं इथं काय?"

"मी पहिले तंबाखूच्या मळ्यात होतो बाप्पा. तिथं पानं अशीच होत. रोगी झाड खुडलेला हात चांगल्याले लागला का तेबी गेलं. तुमी शेंडे खुडले?"

"खुडले. सगळ्यायचे."

"मंग हा तुमच्या हाताचा रोग हाय, तंबाखूतून आलेला."

"नाव काय याचं?"

"नाव मले माईत नाही. हात माईत हाय. उपटा अन् जाळा. बिनाहाताचं, तुमी न शिवलेलं एखादं झाड असन तर तेवढं ठेवा."

 इतके साल ती मले हेच सांगत होती, तिले स्वतःले ठाऊक नसताना.

घरी येऊन सारं परस पालथं घातलं. न्हाणीच्या दगडामागं एक झाड सापडलं. मागच्या साली तिनं सडकं फळ फेकलं असेल, त्यातून आपसूक आलेलं. पानं सगळी हिरवी. बाकीची सहा मी जाळली.

भेद्री पिकली तेव्हा बी धरायले माळ्याले बोलावलं. तोडायच्या आधी मी राखेनं तीनदा हात घासले आणि नाकापाशी नेले. मले काहीच वास येईना. जन्मभर खाणाऱ्याले काय येणार? हात माळ्यापुढं केला.

"हुंगून पाहा."

"काय येडे झाले काय बुवा?"

"पाहा म्हणतो ना."

त्यानं हुंगला. "येऊन राहिला अजून," म्हणाला.

मी पुन्हा चुलीकडे गेलो राख घ्यायले.