लाल चड्डीची नाडी

पोहायच्या तलावामागच्या गल्लीत, एका जिन्याखाली एक बाई शिवणाचं मशीन टाकून बसते आणि दिवसभर पोहायच्या चड्ड्या शिवते. फक्त चड्ड्या! पोरं तोंडावर तिला ताई म्हणतात आणि पाठीमागे चड्डीवाली, आणि तिला दोन्ही ठाऊक आहेत.

तिची माप घ्यायची पद्धत बघून नवा माणूस हसतोच. उभ्याने माप झालं की ती म्हणते, "आता वाक. उडी मारताना वाकतोस तसा."

"ताई, मी शर्यतीला चाललोय, सर्कशीत नाही!"

"तिथे सुटली ना, तर सर्कसच होईल. वाक मुकाट्याने."

मग ती कापड दोन्ही हातांनी ओढून बघते, आधी आडवं, मग उभं. जिकडे जास्त ताणलं जातं ती बाजू कमरेभोवतीच यायला हवी, नाहीतर ओलं झालं की कापड खाली लोंबतं. मांडीचं इलास्टिक बोटभर आखूड घ्यायचं आणि ओढत ओढत नागमोडी टीप मारायची, कारण सरळ टीप ताणली की तटकन तुटते. यात ती कधी म्हणजे कधीच चुकत नाही. एकदाच चुकली होती, आणि तेही सगळं माहीत असून.

बावीस वर्षं झाली त्याला. धाकटा भाऊ तेव्हा सतराचा, पाण्यात इतका सुसाट की घरात सगळे त्याला मासाच म्हणायचे. मोठ्या शर्यतीसाठी तिने लाल कापड आणलं. कागदी नमुना नीट ठेवला तर कापड पुरं संपत होतं. फिरवून ठेवला तर हातभर पट्टी उरत होती, आणि तिला त्याच लाल रंगाची केसांना बांधायला पट्टी हवी होती. बस्स, एवढंच! भाऊ जिंकणार, फोटो निघणार, आपण शोभून दिसणार. तिने नमुना फिरवला. ताण उभा गेला, कंबर ताणेना, मग चढावी म्हणून ती सैल ठेवावी लागली. मनाशी म्हणाली, नाडी आहे की, काय होतंय!

त्याने उडी मारली आणि चड्डी थेट गुडघ्यांवर. एका हाताने ती धरून तो पोहत राहिला, सगळ्यात शेवटी पोचला, आणि बाकांवरचे लोक पोट धरून हसत होते. ती त्यांच्यातच बसली होती, डोक्याला लाल पट्टी बांधून.

घरी बाबा म्हणाले, "सतरा वर्षांचा घोडा झालाय आणि साधी नाडी बांधता येत नाही!" भावाने मान खाली घातली. खरं काय ते उद्या सांगू, ती मनाशी म्हणाली. पण तो परत पाण्यात उतरलाच नाही. मासा हे नाव घरातून आपोआप गेलं, बाबांचं नाडीचं पालुपद मात्र राहिलं. त्याची नोकरी सुटली, तरी नाडी. लग्नात अंगठी हातातून पडली, तरी नाडी. बाबा गेले तेव्हा कुठे ते थांबलं.

गेल्या महिन्यात भाऊ आला, पाठ धरलेली. "ताई, डॉक्टर म्हणतात पोहा. एक चड्डी शिव. आणि गाठ कशी मारायची तेही शिकव बाई, तेव्हा काही मला जमली नव्हती." आणि हसला.

त्या हसण्याने तिला राहवेना. टेप हातात तशीच धरून तिने सगळं सांगून टाकलं. कापड, नमुना, पट्टी, सगळं.

तो हसायचा थांबला. "म्हणजे माझी गाठ नीट होती?"

"नीटच होती रे."

"अगं, बावीस वर्षं मी बुटाची लेससुद्धा दोनदा तपासतोय."

"निदान बाबा होते तोवर तरी सांगायचंस, ताई."

मग तो स्वतःच कण्हत कण्हत वाकला. "घे माप." जाताना येतो म्हणाला नाही.

चड्डी दोन दिवसांत झाली. तो आला नाही. आठवडा गेला, दुसरा गेला. शेवटी तिनेच फोन केला. "तयार आहे रे. नाडी पांढरी घातलीय."

"काढून टाक ती," तो म्हणाला आणि फोन ठेवला.

तिने नाडी ओढून काढली. कंबर आडवी ताणली आणि सोडली, चटकन जागेवर आली. नाडी लागतच नव्हती. तेव्हाही लागली नसती.

चड्डीची घडी करून तिने दाराजवळच्या फळीवर ठेवली. आलाच तो, तर हाताशी असावी.