अहवालात मी लिहिलेलं खोटं

मुलींचा फुटबॉल संघ दरवर्षी पहिल्याच फेरीत का हरतो, यावर स्मरणिकेसाठी दोन पानं लिहून द्या, असं पत्र कॉलेजने मला पाठवलं. मी तिथे सव्वीस वर्षं क्रीडाशिक्षक होतो. ‘ग्रामीण मुलींमध्ये जिद्द कमी पडते’ हे व्यवस्थापनाचं मतही पत्रात होतं. ते वाचून डोकं फिरलं. जिद्द कुणाची कमी पडली ते मला माहीत आहे.

आमची निवड चाचणी ऐन सोयाबीन सोंगणीत व्हायची. खेड्यातल्या मुली त्या दिवसांत कापणीला शेतात. ही तारीख बदला, असं मी एकदाही प्राचार्यांना म्हटलं नाही. आलेल्यांत कबड्डीच्या चार, खो-खोच्या पाच अशी जमवाजमव करायची आणि तिला संघ म्हणायचं. सराव म्हणजे मैदानाला चार फेऱ्या, मग दोन गट करून खेळा. मी कडुनिंबाखाली खुर्ची टाकून शिट्टी वाजवायचो. पळता पळता वळायचं कसं, उडी मारून उतरायचं कसं, म्हणजे गुडघा वाचतो, हे मला येत होतं. मी शिकवलं नाही. ऊन फार असायचं, एवढंच कारण.

राखीव खेळाडूंची गोष्ट याहून वाईट. खेळात भाग घेतला की परीक्षेत वाढीव गुण मिळतात. म्हणून त्या जागांवर संस्थाचालकांच्या नात्यागोत्यातल्या मुलींची नावं यायची. यादीवर सही माझी.

माझ्या नोकरीची शेवटची दोन वर्षं उरली होती, तेव्हा सोनाळा गावची एक मुलगी चाचणीला आली. सोंगणी सोडून वडीलच तिला घेऊन आले होते. तिला पोलिसांत जायचं होतं. “सर, ही पयते लय,” ते म्हणाले. “तुमच्या हाती देऊन राह्यलो.” तशी बचावफळी सांभाळणारी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही.

त्या एकाच वर्षी विद्यापीठाच्या स्पर्धेत नशिबाने आम्ही उपांत्य सामन्यापर्यंत गेलो. मध्यंतराला ती माझ्यासमोर येऊन बसली. गुडघा टम्म सुजला होता.

“सर, पाय टेकला का गुडघा सरकते. मले बाहेर काढा.”

मी राखीव बाकाकडे पाहिलं. तिघी बसल्या होत्या. एकीला म्हटलं, “चल, बूट घाल.”

“मी काऊन सर? मले तं नुसती सही कर म्हटलं होतं.” शेजारची फिसकन हसली. “अन् बूट कोणाचे घालू? प्राचार्यांचे?”

दहाजणींनी खेळता आलं असतं. नियम मला पाठ होता. पण अंतिम सामना दिसत होता, आणि निवृत्तीआधी एक ढाल कॉलेजात यावी असं मला फार वाटत होतं. मी तिच्या गुडघ्याला पट्टी आवळली. म्हणालो, “पोलीस व्हायचंय ना? मग रडतेस काय?”

ती मैदानात उतरली. पंधरा-वीस मिनिटांत पळता पळता वळताना कोसळली ती उठली नाही. सामना आम्ही हरलोच.

वार्षिक अहवालात मी लिहिलं: ‘खेळाडूने दुखापत लपवल्यामुळे संघाचे नुकसान झाले.’ वडील तिला घेऊन दुखापतीबद्दल विचारायला आले, तेव्हा प्राचार्यांनी ते वाक्य त्यांना वाचून दाखवलं. मी तिथेच उभा होतो. वडील मुलीला म्हणाले, “काऊन लपवलं वं? सांगाले तोंड नव्हतं?” ती म्हणाली, “म्या सांगतलं होतं.” वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. मी खिडकीबाहेर पाहिलं. “सर खोटं बोलतीन काय?” म्हणत ते तिला घेऊन गेले. तिचं कॉलेज सुटलं. भरतीत धावणं तिला कधीच जमलं नाही.

हे सगळं लिहून मी कॉलेजला पाठवलं. उत्तर आलं, मजकूर चांगला आहे, फक्त राखीव खेळाडूंचा आणि सामन्याचा भाग वगळू. मी कागद परत मागवले आणि तिला फोन लावला. सगळं ऐकून घेऊन ती म्हणाली, “मले काय सांगता सर? मले तं मालूम आहे. बुवाले सांगा.”

परवा सोनाळ्याला गेलो. तिचे बुवा, म्हणजे वडील, ओट्यावर बसले होते. त्यांना आता कमी ऐकू येतं. मी हळू आवाजात सुरुवात केली तर त्यांनी कानाला हात लावला. “मोठ्यानं बोला.”

“तिनं मला सांगितलं होतं,” मी ओरडून म्हणालो. “बाहेर काढा म्हणाली होती. मीच खेळवलं. अहवालात खोटं लिहिलं.”

समोरच्या घरातली माणसं दारात आली.

“पोरीले मी बारा वरसं खोटारडी म्हटलं,” वडील म्हणाले. “मंग हे तवाच काऊन नाई सांगतलं?”

“नोकरी होती,” मी म्हणालो.

त्यांनी पुन्हा कानाला हात लावला. मला तेही ओरडूनच सांगावं लागलं.