तेत्सुयाला घरी बसवेना

तीन महिने घरी बसलेल्या माणसाची नाडी इतकी संथ नसते. मी मॉनिटरकडे पाहिलं, मग टेबलावर झोपलेल्या तेत्सुयाकडे पाहिलं, मग पुन्हा मॉनिटरकडे. तो छताकडे बघत होता. इको काढणारी प्रीती माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "मॅडम, त्याचा भिंत अजून तेवढाच जाड आहे." प्रीतीचा जन्म लंडनमधल्या हॅरोचा. हृदयाचं चित्र ती अचूक काढते, मराठीतली लिंगं मात्र तिच्या आजीवर सोडून देते. पेशंटसमोर आपसात मराठी बोलायचं नाही, हे आम्ही दोघींनी कधीच ठरवलंय. वाईट बातमी असली की ते विसरायला होतं.

मी मूळची नागपूरची आणि मँचेस्टरमधल्या एका सरकारी हॉस्पिटलात हृदयरोगतज्ज्ञ आहे. आठवड्यातला एक दिवस माझ्याकडे व्यावसायिक खेळाडू येतात. सीझन सुरू होण्याआधी फुटबॉल क्लब त्यांच्या खेळाडूंची हृदयं तपासून घेतात. धडधाकट दिसणारा तरुण माणूस धावता धावता मैदानावर कोसळतो, असं क्वचित घडतं, पण घडतं. ते घडू नये म्हणून आम्ही.

तेत्सुया जपानी मिडफिल्डर. नाव मी बदललंय, क्लबचं तर सांगतच नाही. मिडफिल्डर म्हणजे मैदानाच्या मधला माणूस. पुढच्यांना बॉल पुरवायचा, मागच्यांच्या मदतीला धावायचं. गोल दुसरेच करतात आणि फोटोही त्यांचेच छापून येतात. तेत्सुया तेविसाव्या वर्षी जपान सोडून आधी बेल्जियमला आणि मग इंग्लंडला आला. मला भेटला तेव्हा एकतीस वर्षांचा होता आणि क्लबबरोबरच्या कॉन्ट्रॅक्टचं शेवटचं वर्ष चालू होत होतं. त्याला अजून एक कॉन्ट्रॅक्ट हवं होतं. बास, एवढंच. "अजून दोन वर्षं खेळलो की पाय स्वतःच सांगतील," असं तो पहिल्या भेटीत हसत म्हणाला होता.

त्या उन्हाळ्यातल्या तपासणीत त्याच्या हृदयाची भिंत जाड दिसली. ह्याचे दोन अर्थ होऊ शकतात. वर्षानुवर्षं मेहनत करणाऱ्याचं हृदय दंडासारखंच कमावलेलं होतं, त्यात काळजीचं काही नाही. दुसरा अर्थ म्हणजे हृदयाच्या स्नायूचा आजार. तो असला तर धावता धावता जीव जाऊ शकतो. तेत्सुयाची भिंत नेमकी दोन्हींच्या मधे होती. एमआरआय केला, रक्ताच्या तपासण्या केल्या. काहीच ठाम सांगता येईना.

अशा वेळी एकच उपाय उरतो. खेळाडूला तीन महिने पूर्ण बसवायचं. कमावलेलं हृदय असेल तर भिंत पातळ होते, नाडीही थोडी वाढते. आजार असेल तर भिंत आहे तशीच राहते. औषध नाही, ऑपरेशन नाही, नुसतं बसायचं. ऐकायला किती सोपं!

क्लबच्या डॉक्टरचं नाव ग्रॅहम. माणूस सरळ, पण त्याच्या डोक्यावर मॅनेजर आणि मॅनेजरच्या डोक्यावर बोर्ड.

"तीन महिने म्हणजे सीझनचा तिसरा हिस्सा जवळजवळ," तो फोनवर म्हणाला. "मी त्यांना काय सांगू? हो की नाही?"

"सांग की डॉक्टरला माहीत नाही."

"हे त्यांना आवडत नाही."

"मलाही आवडत नाही, ग्रॅहम."

तीन महिने बसायचं ऐकून तेत्सुयाने मात्र तक्रारीचा एक शब्दही काढला नाही. उठला, कमरेत वाकला, थँक्यू म्हणाला. जाताना माझ्या टेबलावरच्या छोट्या बुद्धमूर्तीपाशी थांबला. आम्ही घरचे बौद्ध, असं मी सांगितलं. त्याच्या आजीच्या घरीही अशीच मूर्ती होती म्हणे. "मला पूजा-प्रार्थना येत नाही, फक्त फुटबॉल येतो," असं म्हणून तो ओशाळल्यासारखा हसला. मला तो तेव्हाच आवडला. पेशंट आवडू नयेत खरं तर, पण आवडतात.

तर तीन महिन्यांनी तो पुन्हा टेबलावर होता आणि भिंत तेवढीच जाड होती. नियमाने बघितलं तर माझा निर्णय झाला होता. आजार आहे असं धरायचं, खेळ बंद. पण ती संथ नाडी मला खुपत होती; आजार असला तरी तीन महिने बसल्यावर ती वाढायला हवी होती.

मी प्रीतीला बाहेर पाठवलं आणि तेत्सुयाच्या बायकोला, एरीला, आत बोलावलं. ती लहान चणीची, शांत बाई. सगळ्या भेटींना यायची आणि बाहेरच बसायची.

"तेत्सुया, ह्या तीन महिन्यांत व्यायाम केलास?"

त्याने नजर पुन्हा छताकडे वळवली.

"हे बघ, मी क्लबची माणूस नाही. मला खरं कळलं नाही, तर मी आज तुझा खेळ कायमचा बंद करणार आहे."

मग एरी बोलली. आधी जपानीत त्याच्याशी, मग इंग्रजीत माझ्याशी. "रोज सकाळी जायचा. आमच्या घरामागे टेकडी आहे, तिथे वर-खाली धावायचा. पाठीवर पिशवीत पाण्याच्या बाटल्या भरून. क्लबने दिलेलं घड्याळ फ्रिजवर ठेवून जायचा." हातातल्या घड्याळावरून क्लबला त्याची हालचाल कळत होती. गड्याने त्याचाही बंदोबस्त केला होता. "मी भांडले," ती म्हणाली. "ऐकत नाही."

मी भडकले. अगदी आवाज चढवून भडकले. "अरे, ही परीक्षाच बसण्याची होती! तू धावून नापास झालास!"

तेत्सुया उठून बसला. छातीवरचे चिकट पॅच त्याने एकेक करून काढले. मग सावकाश म्हणाला, "शाळेत पाय मोडला होता. तेव्हाही मी रोज मैदानावर जायचो. प्लास्टर घालून कडेला उभा राहायचो, हातांचे व्यायाम करायचो. आमच्याकडे सगळे तसंच करतात. टीम घाम गाळत असताना घरी पडून राहायचं, ते मला कुणी शिकवलंच नाही." मग काढलेले पॅच मुठीत गोळा करत म्हणाला, "मला वाटलं, परत जाईन तेव्हा मी तयार असायला हवा."

माझा राग तिथल्या तिथे उतरला आणि त्याच्या जागी नुसतं वाईट वाटत राहिलं. ज्या गुणावर हा माणूस इतकी वर्षं परक्या देशात टिकला, तोच त्याच्या मुळावर आला होता.

तपासणी फुकट गेली होती. आजार आहे की नाही हे मला अजूनही सांगता येत नव्हतं. पुन्हा पहिल्यापासून तीन महिने. मी ग्रॅहमला फोन केला.

"म्हणजे जानेवारी उलटणार," तो म्हणाला.

जानेवारी का, ते सांगते. इथे वर्षातून दोनदाच खेळाडू विकत घेता येतात, उन्हाळ्यात आणि जानेवारीत. तेत्सुया परत येईल की नाही ह्याची खात्री नसेल, तर क्लब त्याच्या जागी जानेवारीत दुसरा माणूस आणणार, हे उघड होतं.

"थोडं थांबता नाही येणार त्यांना?"

"डॉक्टर, टीम हरतेय. ते 'कदाचित'वर थांबणार नाहीत."

दुसऱ्या वेळी तेत्सुया बसला. एरीने त्याचे बूट तिच्या मैत्रिणीच्या घरी नेऊन ठेवले. तो सोफ्यावर बसून मॅचेस बघायचा आणि मग तेही बंद केलं, असं ती मला सांगायची. वजन वाढलं, झोप उडाली. मी फोन केला की तो नम्रपणे म्हणायचा, "येस डॉक्टर, बसलोय." जानेवारीत त्याच्या जागी फ्रान्सहून एक बावीस वर्षांचा मुलगा आला. तो चांगला खेळत होता, ह्याचंही मला वाईट वाटलं. हा माझा कोतेपणा, पण वाटलं.

फेब्रुवारीत तेत्सुया ट्रामने एकटाच आला. प्रीतीने छातीवर प्रोब ठेवला आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. भिंत पातळ झाली होती. नाडी वाढली होती. हृदय निरोगी होतं, पहिल्या दिवसापासून निरोगीच होतं.

मी त्याला सांगितलं. अशी बातमी सांगताना आवाजात आनंद असायला हवा. तो मी आणला.

त्याने नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, "मी पहिल्या वेळीच बसलो असतो तर?"

खोटं बोलता आलं असतं. "तर तू ऑक्टोबरमध्ये मैदानावर असतास," मी म्हणाले.

त्याने मान हलवली, जणू कुणी किती वाजले ते सांगितलं.

क्लबने त्याला उरलेल्या सीझनमध्ये शेवटच्या काही मिनिटांसाठी दोन-तीनदा उतरवलं. जूनमध्ये कॉन्ट्रॅक्ट संपलं. मी दुसऱ्या क्लबांसाठी त्याच्या हृदयाबद्दल स्पष्ट शब्दांत, सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. पण एकतीस संपत आलेलं वय, वर्षभर फारसा न खेळलेला माणूस, आणि त्यात 'हृदय' हा शब्द एकदा कानावर पडलेला. कुणी घेतलं नाही.

ह्यातून मी शिकले ते एवढंच. आता खेळाडूला बसवायचं असलं की मी घरच्यांना आधी खोलीत बोलावते, आणि ह्या माणसाला बसता येतं का, ते त्यांना विचारते. खेळाडूला विचारून उपयोग नसतो.

तेत्सुया आणि एरी अजून इथेच आहेत. ती एका नर्सरीत शिकवते, तो एका गोदामात शिफ्ट सुपरवायझर आहे. मध्यंतरी साध्या तपासणीसाठी आला होता. पोट सुटलेलं दिसलं. मी म्हटलं, "अरे, आता तरी धावत जा. तुझ्या हृदयाला काहीही झालेलं नाही."

"हो, माहीत आहे," तो म्हणाला. "पण कशासाठी?"